झारने १९०५ चा उठाव पचवला कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९०५ च्या ऑक्टोबरात रशियात रेल्वे बंद, कारखाने बंद, खेड्यांत जमीनदारांचे वाडे जळताहेत, आरमारात बंड होऊन गेलेलं, फौज जपानकडून मार खाल्लेली. राजा पुरता कोंडीत सापडलेला. आणि १९०७ च्या जूनमध्ये तोच राजा संसद बरखास्त करतो, निवडणुकीचा कायदा एका सहीने बदलतो, आणि कोणी रस्त्यावर येत नाही. मधल्या वीस महिन्यांत नेमकं झालं काय? नुसत्या बंदुकीच्या जोरावर हे जमलं का?

नाही जमलं, आणि जमणारही नव्हतं. मी सत्तावीस वर्षं पदवीच्या वर्गांना युरोपचा इतिहास शिकवला. १९०५ ते १९०७ या भागासाठी दर वर्षी मी ठरवून जादा तास घेत असे. उठाव कसा पेटतो यावर भरपूर बोललं जातं, तो लोकांच्या हातातून निसटतो कसा यावर फार थोडं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तारखा तेव्हाच्या रशियातल्या जुन्या कॅलेंडरच्या आहेत, आपल्या तारखेसाठी त्यांत तेरा दिवस मिळवा.

यात सगळं काही क्रमावर आहे. बंदूक झारने आधीच वापरून पाहिली होती. ९ जानेवारी १९०५ ला, रविवारी, फादर गापोनच्या मागून राजधानी पीटर्सबर्गचे हजारो कामगार बायकामुलांसह हिवाळी राजवाड्याकडे निघाले. हातात देवाच्या तसबिरी होत्या, झारचेही फोटो होते. मागणं अर्जाचं होतं. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याने उठाव दबला नाही, उलट सुरूच तिथून झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ‘बाप’ म्हटलं त्याने आपल्यावर गोळी घातली, ही गोष्ट कामगारांच्या घराघरांत पोचली. पुढचे नऊ महिने संप, बंडाळ्या, राजपुत्र सेर्गेईचा खून, जूनमध्ये ‘पोटेमकिन’ युद्धनौकेवरचं बंड, आणि त्याच्या आधी मे महिन्यात त्सुशिमाला जपानने बुडवलेलं आरमार.

ऑक्टोबरात तर बंदूक चालवायची सोयच उरली नव्हती. रेल्वे कामगार संपावर गेले आणि बघता बघता देशातले बहुतेक सगळे रूळ थंड पडले. झार राजधानीबाहेर पीटरहॉफच्या महालात होता. तिथे जायला मंत्र्यांना गाडी मिळेना, म्हणून ते बोटीने जात. पुढे पंतप्रधान झालेला सेर्गेई विट्टेही असाच बोटीने गेला. एवढ्या अवाढव्य साम्राज्याचा कारभार त्या दिवसांत एका आगबोटीच्या फेऱ्यांवर चालला होता. फौज होती, पण तिचा मोठा भाग हजारो किलोमीटर दूर, जपानशी लढाई झाली त्या मांचुरियात अडकलेला, आणि परतीचा एकच रेल्वेमार्ग, तोही संपकऱ्यांच्या हातात. राजधानीचा कारभार पाहणाऱ्या जनरल ट्रेपोवने १४ ऑक्टोबरला हुकूम काढला होता: नुसते फुसके बार काढू नका, काडतुसांची काटकसर करू नका. हा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. पण रक्ताचा सडा न घालता शांतता राखता येईल का, असं दोनच दिवसांनी झारने विचारलं, तेव्हा ट्रेपोवलाही हमी देता आली नाही.

झार निकोलसने त्याच आठवड्यात आपल्या आईला पत्र लिहिलं. त्यात दोन वाटा मांडल्या आहेत. एक, एखादा कणखर सेनानी नेमून सगळं चिरडायचं, पण त्यात रक्ताचे पाट वाहतील आणि शेवटी आपण होतो तिथेच येऊ. दुसरी, लोकांना नागरी हक्क द्यायचे आणि कायदे ड्यूमाच्या, म्हणजे निवडून आलेल्या सभेच्या, संमतीने करायचे. मनातून त्याला पहिलीच हवी होती. हुकूमशहा म्हणून चुलते निकोलाय निकोलायेविच यांच्या नावाचा विचार झाला. आठवणी लिहून ठेवणारे सांगतात की त्यांनी खिशातलं पिस्तूल दाखवून म्हटलं, सही करा, नाहीतर मी स्वतःला गोळी घालतो. १७ ऑक्टोबरला सही झाली. नागरी स्वातंत्र्य, मताधिकाराचा विस्तार, आणि ड्यूमाच्या संमतीशिवाय कायदा नाही, असा तीन कलमांचा जाहीरनामा निघाला.

आता हा कागद काय करून गेला ते पाहू. तोवर एकाच रस्त्यावर एकाच दिवशी वकील, प्राध्यापक, गिरणी कामगार, रेल्वे कारकून, विद्यार्थी आणि काही कारखानदारसुद्धा उभे होते. कारखानदार संपाच्या दिवसांचा पगार देत होते, अशीही उदाहरणं आहेत. प्रत्येकाला हवं होतं वेगळं, पण नको होता तो एकच. जाहीरनाम्याने त्यांतल्या काहींना हवं ते दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. वकील-प्राध्यापकांना संसद मिळाली. कामगाराला आठ तासांचा दिवस हवा होता, त्याबद्दल अक्षर नाही. शेतकऱ्याला जमीन हवी होती, तिचाही उल्लेख नाही. आपल्याकडे मवाळ आणि जहाल हे शब्द आहेत ते इथे चपखल बसतात. मवाळांपैकी एक गट म्हणाला, झालं, आता घरी चला. त्यांनी पक्षाचं नावच त्या महिन्यावरून घेतलं, ऑक्टोब्रिस्ट. घटनावादी लोकशाही पक्ष, म्हणजे कॅडेट, अजून मागत होता, पण मागण्याची जागा आता रस्ता नव्हती, येऊ घातलेली ड्यूमा होती. नोव्हेंबरात पीटर्सबर्गच्या सोविएतने, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या परिषदेने, कामगारांना आठ तास भरले की काम थांबवून घरी जा असं सांगितलं, तेव्हा याच कारखानदारांनी फाटकांना टाळी लावली आणि हजारो माणसं बेकार झाली. महिन्यापूर्वी संपाचा पगार देणारे हेच लोक.

शेतकऱ्यांसाठी ३ नोव्हेंबरला वेगळा हुकूम निघाला. १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले, पण मिळालेल्या जमिनीची किंमत ते चाळीस-चाळीस वर्षं हप्त्यांनी फेडत होते. हे हप्ते १९०६ साठी निम्मे आणि १९०७ पासून साफ माफ. हे छोटं काम नव्हतं. तरीही वाडे जळायचे थांबले नाहीत, कारण शेतकऱ्याची नजर जमिनीवर होती. पण सवलत मिळालेला आणि न मिळालेला असे दोन गट खेड्यातही पडू लागले.

याच दिवसांतली एक गोष्ट टाळता येत नाही. जाहीरनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून दक्षिणेत आणि पश्चिमेत ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. एकट्या ओडेसात चारशेहून अधिक ज्यू मारले गेले. पोलीस आणि शिपाई बऱ्याच ठिकाणी बघत राहिले, काही ठिकाणी सामील झाले. हे सगळं वरून आखलेलं होतं का यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि माझं मत असं की एका टेबलावर बसून आखलेलं नव्हतं. पण झालेल्या प्रकाराचा सत्तेने फायदा घेतला यात शंका नाही. रशियन जनतेचा संघ नावाची राजनिष्ठ संघटना नोव्हेंबरात उभी राहिली, आणि डिसेंबरात खुद्द झारने तिचा बिल्ला स्वीकारला. रस्ता आता एका बाजूचा राहिला नव्हता. मेलेली माणसं मात्र कुठल्याच हिशेबात नव्हती.

आता शिपायाकडे येतो, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्याच्यावर फिरलं. हा शिपाई म्हणजे गणवेशातला शेतकरीच. ऑक्टोबर ते डिसेंबर १९०५ या काळात रशियन फौजेत दोनशेहून जास्त बंडाळ्या झाल्या. आकडा ऐकून वाटतं, संपलं राज्य. पण त्यांच्या मागण्या वाचा. आमटीत मांस घाला. चहा-साखर द्या. पांघरूण द्या. अधिकाऱ्यांनी ‘अरे-तुरे’ करू नये, ‘अहो’ म्हणावं. ट्रामच्या आत बसू द्या, बागेत जाऊ द्या, कारण शिपायांना सार्वजनिक बागांत मज्जाव असे. रेजिमेंटच्या खर्चासाठी आम्हाला बाहेर मजुरीला धाडू नका. पोलिसांची कामं सांगू नका. आणि लढाई संपली आहे तर राखीव शिपायांना घरी सोडा. चांभारकाम, शिंपीकाम, अधिकाऱ्याच्या घरची धुणीभांडी करून वैतागलेला हा माणूस. जाहीरनामा वाचून त्याला वाटलं की जुने नियम गेले, मग बराकीतले तरी का राहावेत? त्याने राजाविरुद्ध हत्यार उचललं नव्हतं. राजाचं राज्य बदललं अशी त्याची समजूत झाली होती.

६ डिसेंबरला, झारच्या नावाच्या संताच्या सणाच्या दिवशी, फौजेसाठी हुकूम निघाला: पगारवाढ, जास्त मांस, चहा आणि साखर, पांघरुणं-चादरी, साबण. माझे विद्यार्थी इथे हसायचे. साबणाने राज्य वाचतं का, म्हणायचे. मी त्यांना सांगत असे, ज्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची चादर मिळाली त्याच्या जागी बसून पाहा. त्याच सुमाराला राखीव शिपायांना सोडायला सुरुवात झाली, म्हणजे सगळ्यांत चिडलेले लोक बराकींतून आपोआप कमी झाले. त्यातच राजधानीत ३ डिसेंबरला सोविएतच्या बैठकीला जमलेल्या सदस्यांना पकडलं, आणि काही झालं नाही. हे शिपायाने पाहिलं. जुनंच राज्य चालू आहे, हुकूम देणारे तेच आहेत, हे त्याला दिसलं, आणि आठवडाभरापूर्वी बंड केलेल्या पलटणी हुकूम पाळू लागल्या.

मग मॉस्को. ७ डिसेंबरला तिथे सार्वत्रिक संप, दोन-तीन दिवसांत रस्त्यांवर अडथळे आणि सशस्त्र लढाई. गव्हर्नर जनरल अॅडमिरल दुबासोवचा स्वतःच्या शिबंदीवर भरवसा नव्हता. बऱ्याच शिपायांची हत्यारं काढून त्यांना बराकीत कोंडून ठेवलं होतं. बंडखोरांकडे माणसं कमी आणि पिस्तुलं त्याहून कमी, पण शहर त्यांच्या बाजूचं. त्या घडीला दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या.

मी मॉस्कोला गेलो होतो तेव्हा आधी तो चौक पाहायला गेलो जिथे तीन रेल्वे स्टेशनं एकमेकांशेजारी-समोर उभी आहेत. आजची नावं लेनिनग्राड, यारोस्लाव्हल आणि कझान. लेनिनग्राड स्टेशनला तेव्हा निकोलाय स्टेशन म्हणत. रस्ता ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात. कझान मार्ग संपकऱ्यांच्या हातात होता. त्यांनी समोरच्या निकोलाय स्टेशनवर चाल केली, पण ते घेता आलं नाही. पीटर्सबर्ग-मॉस्को या एका मार्गावर लष्कराचा पहारा होता आणि तिथले कामगार संपात पुरते उतरले नव्हते. त्या मार्गाने १५ डिसेंबरला सेम्योनोव्स्की रक्षक रेजिमेंट मॉस्कोत उतरली. रस्त्याच्या अलीकडचं स्टेशन एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं, आणि साम्राज्याचं पुढचं दशक त्या रुंदीत अडकलेलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

सेम्योनोव्स्कीचा प्रमुख कर्नल मिन. प्रेस्न्या या गिरणगावावर त्याने तोफा लावल्या. ही वस्ती कापड गिरण्यांची, लाकडी घरांची. आगी लागल्या, आणि शहरात मिळून हजाराच्या आसपास माणसं गेली, त्यांत लढणारे थोडे आणि घरात बसलेले जास्त. कझान मार्गावर त्याने कर्नल रीमानला पाठवलं. लेखी आदेश होता: अटकेत कुणाला ठेवू नये, दयामाया न दाखवता काम करावं. पेरोवो, ल्युबेर्त्सी, गोलुत्विन, प्रत्येक स्टेशनवर यादी वाचून माणसं बाहेर काढली आणि खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. त्यांत अलेक्सेई उख्तोम्स्की हा इंजिन ड्रायव्हर होता. लढणाऱ्यांना भरून त्याने मशीनगनच्या माऱ्यातून गाडी बाहेर काढली होती. त्याला ल्युबेर्त्सीला पकडून मारलं. आज त्याच मार्गावर उख्तोम्स्काया नावाचा थांबा आहे. लोकलमधून जाताना तिथे उतरणारी माणसं पिशव्या सावरत उतरतात, तसा तो नेहमीचा थांबा आहे.

सैबेरियातही हेच, फक्त प्रचंड अंतरावर. पश्चिमेकडून जनरल मेल्लर-झाकोमेल्स्की जेमतेम दोनशे निवडक शिपाई घेऊन गाडीत बसला, पूर्वेकडून हार्बिनहून रेनेनकांफ निघाला. स्टेशनामागून स्टेशन, तारघरामागून तारघर ताब्यात घेत, वाटेत फटके आणि गोळ्या, आणि जानेवारी १९०६ मध्ये ते चिता शहरापाशी एकमेकांना येऊन मिळाले. मांचुरियातली फौज घरी यायला वाट मोकळी झाली. रेल्वेने उठाव देशभर पोचवला होता, आणि रेल्वेनेच तो एकेक स्टेशन करत मोडला गेला. प्रत्येक गाव एकटं पडलं होतं. मॉस्को लढत असताना पीटर्सबर्ग थकलेलं होतं, आणि खेडी पेटलेली असताना शहरं शांत झाली होती.

इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. पैशाचा भाग मात्र पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतात, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. युद्धाने खजिना रिकामा केला होता. २ डिसेंबरला सोविएतने जाहीर आवाहन केलं होतं: कर भरू नका, बँकांतल्या ठेवी सोन्यात काढून घ्या, झारच्या कर्जाची फेड आम्ही मानणार नाही. ते छापणारी वर्तमानपत्रं सरकारने त्याच दिवशी बंद केली. ठेवी निघायला लागल्या होत्या, रुबलचं सोन्याशी असलेलं नातं तुटायच्या बेतात आलं होतं. एप्रिल १९०६ मध्ये पॅरिसला करार झाला, सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज, तोवरचं जगातलं सगळ्यांत मोठं परदेशी कर्ज. फ्रान्सला ते द्यायचंच होतं. जर्मनीविरुद्ध त्याला रशिया उभा हवा होता, आणि मोरोक्कोच्या प्रश्नावर अल्खेसिरासच्या परिषदेत रशियाने फ्रान्सला नुकताच पाठिंबा दिला होता. काही रशियन मवाळ पॅरिसला जाऊन सांगत होते की ड्यूमाच्या संमतीशिवाय कर्ज देऊ नका. कोणी ऐकलं नाही. फ्रान्समधल्या लहान दुकानदारांच्या आणि पेन्शनरांच्या बचतीतून झारची फौज, पोलीस आणि नोकरशाही पुढचं वर्ष चालली. आता पैशासाठी ड्यूमासमोर हात पसरायची गरज उरली नाही. कर्ज हातात पडल्यावर काही दिवसांतच विट्टेला घरी पाठवलं. त्याचं काम झालं होतं.

त्यानंतर दिलेला कागद एकेक कलम करून परत घेणं सुरू झालं. खरं तर ते आधीच सुरू झालं होतं. फेब्रुवारीत राज्यपरिषदेला वरचं सभागृह बनवलं, निम्मे सदस्य झारचे. ड्यूमा भरायच्या चार दिवस आधी, २३ एप्रिलला, मूलभूत कायदे जाहीर केले. त्या आधीच्या बैठकीत एका शब्दावर खल झाला. झारच्या सत्तेला ‘अमर्याद’ म्हणायचं की नाही? निकोलस अडून बसला होता, पूर्वजांकडून आलेला हक्क मी कमी कसा करू? शेवटी ‘अमर्याद’ गेला, पण ‘स्वयंसत्ताधीश’ राहिला. आणि ८७ वं कलम आलं: ड्यूमा भरलेली नसताना सरकार वटहुकूम काढू शकेल. ड्यूमा भरवायची की नाही हे झारच्या हातात. म्हणजे किल्ली कुणाकडे राहिली ते उघड आहे.

पहिली ड्यूमा ७२ दिवस चालली. तिने जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना द्यायचा विषय काढला. हे चालू असताना बराकींत पुन्हा चुळबूळ सुरू झाली होती, जूनमध्ये तर प्रेओब्राझेन्स्की या सगळ्यांत जुन्या रक्षक रेजिमेंटच्या एका बटालियननेही हुकूम मोडले. शिपाई पुन्हा तोच हिशेब करत होता: राज्य खरंच कुणाचं आहे? ९ जुलैला, रविवारी, सदस्य आले तर ड्यूमा भरायची त्या टॉराइड राजवाड्याला कुलूप आणि बाहेर शिपाई. सुमारे दोनशे सदस्य फिनलंडमधल्या व्हिबोर्गला गेले आणि तिथून आवाहन केलं की कर देऊ नका, सैन्यात मुलं पाठवू नका. देशाने काही केलं नाही. हेल्सिंकीजवळच्या स्वेआबोर्ग किल्ल्यात आणि क्रोनस्टाटच्या आरमारी तळावर शिपाई-नाविकांनी बंड केलं, ते काही दिवसांत मोडलं. पुढे त्या सदस्यांना तीन-तीन महिने तुरुंग आणि निवडणूक लढवायला कायमची बंदी झाली. विद्यार्थी विचारत, लोक का उठले नाहीत? जुलै म्हणजे सुगीचा महिना, हे एक. दुसरं, कामगारांच्या घरात दीड वर्ष संपाने चूल धड पेटली नव्हती. आणि तिसरं, ज्यांनी हाक दिली ते स्वतः ऑक्टोबरनंतर रस्ता सोडून सभागृहात गेले होते, मग आता कुणाला कुठल्या रस्त्यावर बोलावणार?

आता स्टोलिपिन पंतप्रधान होता. १२ ऑगस्टला त्याच्या बंगल्यात बॉम्ब फुटला, पंचवीसहून जास्त माणसं मेली, त्याची मुलगी गंभीर जखमी झाली. आठवड्याने ८७ व्या कलमाखाली फील्ड कोर्ट-मार्शल आली. कायदा शिकलेला एकही न्यायाधीश नाही, वकील नाही, दार बंद, दोन दिवसांत निकाल, निकालानंतर एका दिवसात फाशी. आठ महिन्यांत शेकडो माणसं अशी गेली. फाशीच्या दोराला ‘स्टोलिपिनचा नेकटाय’ म्हणायला सुरुवात झाली ती फ्योदोर रोदिचेव या कॅडेट सदस्याच्या भाषणातून, १९०७ च्या नोव्हेंबरात. स्टोलिपिनने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि रोदिचेवला माफी मागावी लागली.

पण त्याच हाताने त्याने ९ नोव्हेंबर १९०६ चा जमिनीचा हुकूमही काढला. गावाच्या सामायिक जमिनीतला आपला हिस्सा शेतकऱ्याला वेगळा करून स्वतःच्या नावावर घेता येईल, वर शेतकरी बँकेचं कर्ज. मतलब उघड होता, गावात जमीन राखणारा, राज्याला धरून राहणारा एक वर्ग उभा करायचा. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय स्टोलिपिन कळत नाही.

दुसरी ड्यूमा पहिलीपेक्षाही जहाल निघाली. ३ जून १९०७ ला तीही गेली. समाजवादी सदस्यांवर कटाचा आरोप ठेवून अटका झाल्या, आणि त्याच दिवशी नवा निवडणूक कायदा आला. मूलभूत कायद्यांप्रमाणे ड्यूमाशिवाय तो बदलता येत नव्हता. बदलला. जमीनदारांचं वजन वाढलं, शेतकरी-कामगारांचं घटलं, पोलंडच्या जागा ३६-३७ वरून १४ वर आल्या, मध्य आशियाला एकही जागा उरली नाही. तिसऱ्या ड्यूमाने पाच वर्षांची मुदत शांतपणे पुरी केली.

गुप्त पोलिसांबद्दल लोक फार विचारतात. समाजवादी क्रांतिकारकांच्या हल्लेखोर तुकडीचा प्रमुख अझेफ हाच पोलिसांचा माणूस होता, हे १९०८-०९ मध्ये उघड झालं आणि त्या पक्षाचं कंबरडं मोडलं. गोष्ट थरारक आहे, पण उठाव मोडण्यात तिचा वाटा मी मोठा धरत नाही. १८८१ च्या ऑगस्टमधला ‘तात्पुरता’ आणीबाणी कायदा जास्त कामाचा ठरला. तो राजवट पडेपर्यंत चालू राहिला, आणि त्याखाली गव्हर्नरला सभा, छापखाने, माणसं, काहीही बंद करता येत असे.

आपल्याशी याचा संबंध दूरचा नाही. सेनापती बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले ती याच काळात, उठाव मोडल्यावर देशोधडीला लागलेल्या रशियनांकडून. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि परदेशात आश्रय घेतलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेतली. मॉर्ले-मिंटो सुधारणा आल्या त्याही याच धर्तीवर, मवाळांना कौन्सिलात जागा आणि जहालांना मंडाले.

हे डाव कुठेही चालतात असं समजू नका. २००६ च्या एप्रिलमध्ये नेपाळात राजा ज्ञानेंद्र यांनी जवळजवळ हेच केलं. २१ एप्रिलला भाषणात सांगितलं, सत्ता लोकांना परत देतो, सात पक्षांनी पंतप्रधान सुचवावा. पण त्या पक्षांनी पाच महिन्यांपूर्वीच माओवाद्यांशी बारा कलमी समझोता केला होता. त्यांनी पंतप्रधानपद घेतलं नाही, आंदोलन चालू ठेवलं. तीन दिवसांनी राजाला संसद पुन्हा बोलवावी लागली, आणि दोन वर्षांनी राजेपण गेलं. १७ ऑक्टोबर १९०५ ला मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या मवाळांचा कामगारांशी असा लेखी करार असता तर? मला हा प्रश्न आजही सोडत नाही.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे की मग १९१७ ला हेच का जमलं नाही. १९०५ च्या ज्या रक्षक रेजिमेंटनी राज्य वाचवलं, त्यांतले शिपाई महायुद्धात पोलंड-गॅलिशियाच्या आघाडीवर कामी आले होते. राजधानीच्या बराकींत त्याच नावांच्या राखीव तुकड्या होत्या, नवे, अर्धशिक्षित, चाळिशीचे, घरी जायची ओढ असलेले लोक. २७ फेब्रुवारी १९१७ ला वोलिन्स्की रेजिमेंटने गोळी चालवायला नकार दिला आणि बाकीच्या तुकड्या मागोमाग गेल्या, सेम्योनोव्स्कीच्या राखीव तुकडीसह. झारने जनरल इवानोवला गाडीत बसवून राजधानीकडे पाठवलं, मिनला पाठवलं होतं तसंच. तो राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलोपर्यंत पोचला आणि परत फिरला. झार स्वतः मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयातून निघाला होता. त्याची गाडी मध्यरात्रीनंतर मालाया विशेरा स्टेशनवर थांबली. हे स्टेशन त्याच निकोलाय मार्गावर, ज्याने १९०५ मध्ये सेम्योनोव्स्कीला मॉस्कोला नेलं होतं. पुढची दोन स्टेशनं बंडखोरांच्या हातात आहेत, असं त्याला सांगण्यात आलं. गाडी मागे वळली, प्स्कोवला गेली, आणि २ मार्चला रात्री त्या डब्यातच त्याने गादी सोडल्याच्या कागदावर सही केली.